रविवारचं प्रशिक्षण

माय गेल्याला बारा दिवस झाले होते आणि कंधारच्या घरात बुद्धप्रियाला कुणी कशाला हात लावू देत नव्हतं. ती झाडू उचलायची तर सिंधुमावशी तो काढून घ्यायची. "बस तू. ड्युटी करून करून पोरगी वाळून गेली," असं मावशी दारात आलेल्या बायकांना सांगायची आणि बायका माना हलवायच्या. हकीकत आता गल्लीला पाठ झाली होती. लेक लातूरकडं जिल्हा परिषदेच्या शाळेवर. रविवारीसुद्धा प्रशिक्षणाला जावं लागायचं. पोरं सांभाळायला तिची माय, पंचफुलाबाई, इथून एसटीनं जायची. तिच्या छातीत कळ आली तेव्हा लेक प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसलेली, मोबाईल बंद. सरकारी काम. काय करील बिचारी.

बुद्धप्रिया मान खाली घालून बसायची. लोकांना वाटायचं, दुःखानं. दुःख होतंच, पण मान त्यानं खाली गेलेली नव्हती.

प्रशिक्षण नव्हतं. त्या रविवारी नव्हतं आणि त्याच्या आधीच्या कुठल्याच रविवारी नव्हतं.

लातूरला क्लासेसच्या भागात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. एकेका मजल्यावर पन्नास-साठ लाकडी कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, एक दिवा आणि एक नंबर. डॉक्टर व्हायला निघालेली गावोगावची पोरं तिथं पहाटे येऊन बसतात. मोबाईल दारातल्या खणात ठेवायचा, आत बोलायचं नाही, बोलताना दिसला तर सीट रद्द. एकेचाळीस नंबरच्या सीटवर दीड वर्ष बुद्धप्रिया बसत होती. पंधरा दिवसांतून एक रविवार, दहा ते दोन. ती तिथं गोष्टी लिहायची.

पहिल्याच महिन्यात पाण्याच्या जारपाशी शेजारच्या सीटवरच्या मुलीनं तिला हळूच विचारलं होतं, "काकू, तुम्ही पण रिपीटर का?" मनिषा तिचं नाव, निलंग्याची.

"हाव," बुद्धप्रिया म्हणाली.

"कितवा अटेम्प्ट?"

"मोजले नाहीत गं."

मुलीनं गंभीर चेहरा करून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "यंदा निघंल बघा तुमचं."

घरी लिहिता येत नव्हतं. सुगत आठ वर्षांचा, सम्यक चार. दोघं एकत्र असले की घरात कुठली वस्तू जागेवर राहायची नाही, आणि वेगवेगळे असले की दोघंही तिच्या मागे. एकदा तिनं न्हाणीघरात नळ सोडून, बादली पालथी घालून वही मांडीवर घेतली होती. पाच मिनिटांत दाराखालच्या फटीतून सम्यकची चार बोटं आत आली. "मम्मी, तू काम कर. नुसता हात दाखव." एकदा त्यानं तिच्या गोष्टीच्या सात पानांवर लाल खडूनं एसट्या काढल्या होत्या, पानावर एक. तिनं त्याला मारलं. कानाखाली, जोरात. सम्यक रडला नाही, तोंड उघडं ठेवून तिच्याकडं बघत राहिला. ती एसट्यांची पानं तिनं कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली. तिला ती फाडता येईनात आणि पुन्हा उतरवूनही काढता येईनात.

नवरा नागसेन वाईट नव्हता. उदगीरला तहसीलमध्ये कारकून, रोज येऊन-जाऊन करायचा. "लिही की. मी कधी नको म्हटलंय?" असं तो मनापासून म्हणायचा आणि रविवारी कुणाच्या साखरपुड्याला, कुणाच्या वास्तूला, नाहीतर नुसताच उदगीरच्या मित्रांकडं निघून जायचा. नको त्यानं कधीच म्हटलं नव्हतं. त्याच्याशी भांडायला जागाच नव्हती.

शेवटी तिनं मायला फोन केला होता. "माय, रविवारी येशील का? पोरांकडं बघायला कुणी न्हाई. मला लिहायचंय."

"काय लिहायचंय?"

"गोष्ट."

माय हसली होती. वाकडं काही नव्हतं त्या हसण्यात. "मग पोरं निजल्यावर लिही ना. त्याच्यासाठी मी कशाला येऊ? तुझ्या बापाला भाकर कोण करून घालील?"

त्यानंतर पंधरा दिवसांनी बुद्धप्रियानं पुन्हा फोन केला आणि म्हणाली, "माय, रविवारी प्रशिक्षण लावलंय." पुढचं बोलायच्या आत माय म्हणाली, "शनवारच्या गाडीनं येते."

इतकं ते सोपं होतं. मायनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात खुरपलं होतं. लेकीच्या सरकारी नोकरीला ती घरातल्या एखाद्या थोर माणसासारखी वागवायची. त्या नोकरीनं बोलावलं की प्रश्न विचारायचे नाहीत. गाडीत ओळखीचा कंडक्टर भेटला तर, आणि तो भेटायचाच, कारण बाबा कंधार डेपोतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, माय त्याला सांगायची, "लेकीचं ट्रेनिंग हाय. साहेब लोकं आयतवारी बी सोडत न्हाईत." यात तक्रार कमी आणि कौतुकच जास्त असायचं. शनिवारी संध्याकाळी ती लातूरला उतरायची, हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी. सोमवारी सकाळी परत. दीड वर्ष.

शेवटच्या पाच-सहा महिन्यांत जिना चढताना ती मध्येच थांबायची. बुद्धप्रियानं ते पाहिलं होतं. "दम लागतो का गं?" असं विचारलंही होतं. "वय झालं," माय म्हणाली, आणि बुद्धप्रियानं तेवढ्यावर समाधान मानलं. दवाखान्यात न्यायचं तर रविवारीच न्यावं लागलं असतं.

त्या रविवारी लिखाण चांगलं चाललं होतं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी महिनाअखेरपर्यंत गोष्ट मागितली होती आणि गोष्टीचा शेवट अचानक समोर उभा राहिला होता. दोनला उठायचं ते अडीच झाले. खणातून मोबाईल घेतला तेव्हा त्यावर मायच्या नंबरवरून आलेले सात फोन होते, पहिला बारा वाजून दहा मिनिटांचा.

घरी माय दिवाणावर आडवी पडली होती, ब्लाउज घामानं चिंब. सुगत वहीनं तिला वारा घालत होता. "गॅस झालाय," माय म्हणाली. "गोळी घेतली." फोन सुगतनं लावले होते. सातव्यांदा मायनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला होता. "ठेव. ती सरकारी कामात हाय, तिला बोल लागंल." मग पप्पांना लावू का, असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली होती, "जावयाला कशाला तकलीफ?"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं. सोमवारी पहाटे माय गेली.

पण बुद्धप्रियाच्या मनात रुतून बसलं होतं ते हे नव्हे, दवाखान्यात नेताना रिक्षात घडलेलं. मायचं डोकं मांडीवर, रिक्षा सिग्नलला थांबलेली, आणि ती सुगतवर ओरडली होती, "काय केलं रे तुम्ही? पळवलं का तिला?"

"सम्यक गच्चीवर गेला होता. कठड्यावर चढत होता," सुगत म्हणाला. "आजी पळत गेली."

"किती वेळा सांगितलं होतं, तिला पळवू नका म्हणून?"

त्या दिवसापासून सुगत सम्यकला पळू देत नव्हता. कंधारच्या अंगणात सम्यकनं नुसती उडी मारली तरी तो त्याची कॉलर धरून त्याला खाली बसवायचा. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी "कसं काय झालं हो अचानक?" असं विचारलं की मोठी माणसं बोलायच्या आधी हा पोरगा सांगायचा, "आम्ही पळवलं." चौथ्या दिवशी बुद्धप्रियानं त्याला जवळ घेऊन सांगितलं, "तुमच्यामुळं नाही झालं राजा."

"मग कुणामुळं?" त्यानं विचारलं.

गॅसवर दूध ठेवलंय असं म्हणून ती उठली होती. दूध ठेवलेलं नव्हतं.

नागसेनला अभ्यासिकेतली सीट माहीत होती. दवाखान्यात ती बाबांना "प्रशिक्षणात होते, मोबाईल जमा करून घेतात," असं सांगत होती तेव्हा तो शेजारीच होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मग भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं पाहत राहिला.

बाराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाबा फुलस्केप कागद आणि पेन घेऊन तिच्यासमोर बसले. दुसऱ्या दिवशी मायच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. अंगणात मांडव घालून झाला होता, फोटोला हार आणायला माणूस गेला होता. बाबा, म्हणजे व्यंकटी, अर्जांवर विश्वास ठेवणारा माणूस. गावाला थांबा नव्हता तेव्हा त्यानं अर्ज केले आणि थांबा आणला. वस्तीत नळ आणला तो अर्जानं. डेपोत एका कंडक्टरला विनाकारण निलंबित केलं तेव्हा अर्ज लिहून त्याला परत कामावर घ्यायला लावलं. "आपल्याकडं लाठी न्हाई, कागद हाय," असं तो पोरीला लहानपणापासून सांगत आला होता.

"लिही," बाबा म्हणाले. "शिक्षणाधिकाऱ्याला. लेकुरवाळ्या बायांना आयतवारी ट्रेनिंगला बोलवायचं आणि मोबाईल काढून घ्यायचे, हे कुठल्या नियमात बसतं म्हणून विचार. उद्या शंभर-दीडशे माणूस येईल. सगळ्यांच्या सह्या घेऊ."

"राहू द्या ना, बाबा."

"का?"

"माय का परत येणारे?"

"ती न्हाई येणार. दुसऱ्या कुणाची तरी वाचंल." त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. "तुला लिहिता येतं. मला असलं साधत न्हाई, माझं आपलं सरळसोट असतं. तू लिहिलंस तर वाचणारा खुर्चीतून उठंल."

तिच्या लिहिण्याबद्दल बाबा पहिल्यांदाच काही बोलले होते.

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत त्या वेळी दोघंच होती. तिनं कागद पुढं ओढला.

पहिल्या ओळी ठरलेल्या होत्या: प्रति, विषय, महोदय. मग तारीख, मग मायचं नाव आणि वय. दुसऱ्या परिच्छेदात पेनानं वेग घेतला. मोबाईलच्या खणाचं वर्णन तिला शोधावं लागलं नाही. खण, त्याचा नंबर, आत थरथरत सरकत जाणारा फोन, सगळं तिला माहीत होतं. फक्त अभ्यासिकेच्या जागी प्रशिक्षणाचा हॉल लिहायचा होता. "एक आठ वर्षांचा मुलगा सात वेळा आईला हाक मारत होता आणि ती हाक ऐकण्याचा अधिकार त्या दिवसापुरता सरकारजमा होता," असं तिनं लिहिलं. वाचलं. 'त्या दिवसापुरता' खोडून 'त्या चार तासांपुरता' केलं. आता वाक्य बसलं. छातीत ती ओळखीची, उबदार जाणीव झाली. शब्द आपल्या जागी जाऊन बसला की होते ती. आणि मग आपण काय करतोय हे तिच्या लक्षात आलं. मायच्या मरणावर खोटा अर्ज लिहिताना तिला बरं वाटलं होतं. क्षणभरच, पण बरंच वाटलं होतं.

ती उठून कोरड्या पडलेल्या मोरीपाशी जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा बाबा चष्मा लावून वाचत होते. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, उपरण्यानं डोळे पुसले.

"सिंधु, इकडं ये," त्यांनी हाक मारली. "सुगत, तू पण ये, बाळा. मावशीआजीला वाचून दाखव. मला न्हाई वाचवणार."

सिंधुमावशी पदराला हात पुसत येऊन उंबऱ्यावर टेकली. मावशी मायच्या पाठची. दोघी एका मांडवात लग्नं होऊन एका गावात आलेल्या. सुगत सम्यकला कॉलरीला धरून घेऊन आला, त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. शाळेत वाचतात तसं, प्रत्येक शब्द सुटा. 'महोदय'ला अडखळला, 'सरकारजमा'ला दोनदा अडखळला. मावशी तोंडाला पदर लावून रडायला लागली. "असंच झालं गं बाई," ती म्हणाली. "असंच झालं."

सुगतनं शेवटपर्यंत वाचलं. मग कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"ह्यात एक राहिलं," तो म्हणाला.

"काय राह्यलं?" बाबांनी विचारलं.

"आम्ही आजीला पळवलं ते."

"तसं न्हाई रे, राजा," मावशी म्हणाली. "लेकराच्या डोक्यात बसलंय ते. काढा कुणीतरी."

"मम्मीनंच म्हटलं होतं. रिक्षात." तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. गृहपाठातलं एखादं गणित राहिलंय असं सांगावं तसं तो सांगत होता. "आजोबा, तुम्हीच म्हणता ना, अर्जात खोटं लिहिलं तर अर्ज फेटाळतात?"

"हाव. म्हणतो."

"मग हा फेटाळतील. साहेब म्हणतील, आजी पळाली का नाही पळाली?" त्यानं कागद बुद्धप्रियाकडं सरकवला आणि पेन शोधून तिच्या हातात दिलं. "लिही ना मम्मी. सम्यकचं नाव नको लिहू, तो लहान आहे. माझं लिही."

बुद्धप्रियानं पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं ती माणसांना बोलतं करत आली होती, कागदावर. कुणाच्या तोंडी काय वाक्य शोभेल हे तिला चटकन कळायचं. स्वतःच्या तोंडी घालायला तिला एकही सापडेना.

"प्रशिक्षण नव्हतं," ती म्हणाली.

कुणाला कळलं नाही.

"बाबा, त्या दिवशी प्रशिक्षण नव्हतं. मी एका अभ्यासिकेत बसले होते. पोरं अभ्यासाला बसतात तिथं. मी गोष्ट लिहीत होते. मोबाईल मीच खणात ठेवला होता."

मावशीनं तोंडावरचा पदर काढला. बाबांनी कागद आपल्याकडं ओढला.

"म्हणजे त्या दिवशी ट्रेनिंग नव्हतं."

"नव्हतं."

"आणि त्याच्या आधी?"

तिनं पेनाला टोपण लावलं.

"किती वेळा नव्हतं?"

"एकदाही नव्हतं."

बाबांनी कागदाची घडी घातली. मग त्या घडीची घडी. फाडला नाही, त्यांनी आयुष्यात कधी अर्ज फाडला नव्हता. "सोमवारी घरी आली की चप्पल काढायच्या आधी सांगायची," ते म्हणाले. "पोरीला लई कामाला लावून राहिलेत म्हणून. डेपोत मी सांगायचो. तिनं मला सांगायचं, मी डेपोत सांगायचं." ते थांबले. "मला बोलायचं होतंस. तिला बोलायचं होतंस."

"बोलले होते. एकदा."

"एकदा," बाबा म्हणाले. "लिहायचंय म्हणून सांगितलं असतंस तर आली नसती का ती?"

"माहीत नाही, बाबा."

"मला म्हाईत हाय. पहिल्यांदा हसली असती, दुसऱ्यांदा आली असती."

तिनं दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं.

सिंधुमावशी उठली. "मला तिनं सांगितलं होतं, दम लागतो म्हणून," ती बुद्धप्रियाकडं न बघता म्हणाली. "मी म्हटलं, नको जाऊ या खेपेला. तर म्हणाली, लेकीची नोकरी जाईल." आणि ती आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

सुगत एकदा आजोबांकडं, एकदा आईकडं बघत होता. आठ वर्षांच्या पोराला एवढ्या सगळ्याचा अर्थ एकदम लावता येत नव्हता, पण तो लावत होता. "म्हणजे तू फोन घेऊ शकत होतीस?" त्यानं विचारलं.

"हो. बाहेर येऊन बघितला असता तर."

"मग आजी दोन तास आधी गेली असती दवाखान्यात."

"हो."

"पळवल्यामुळं नाही?"

"नाही. तिची नस आधीपासून बंद होत आली होती, डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही नसतं पळवलं तरी झालं असतं. रिक्षात मी तुला बोलले ते खोटं होतं. माझी चूक होती म्हणून मी तुझ्यावर ओरडले."

त्यानं मान हलवली. पटल्याची नव्हे, ऐकल्याची. त्याच्या हातातली सम्यकची कॉलर सुटली नव्हती.

संध्याकाळच्या गाडीनं नागसेन आला. तिनं त्याला दारातच सांगितलं. तो मांडवातल्या खुर्चीवर बसला, बूटही न काढता. "मी पण गप्पच बसलो की," थोड्या वेळानं तो म्हणाला. "त्या दिवशी मी घरी असतो तर?" त्याला वाटून द्यावं असं त्यात काही नव्हतं. पण त्यानं विचारलं, हे तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली.

बाबा रात्रीचं जेवले नाहीत. सकाळी पांढरी पॅन्ट-शर्ट घालून मांडवात खुर्च्या लावून घेताना ते तिच्यापाशी आले. "लेकरू बारा दिवस सगळ्या गावाला सांगत फिरलंय," ते म्हणाले. "मी सांगून भागणार न्हाई. तू सांग."

"सगळ्यांसमोर?"

"ज्यांच्यासमोर त्यानं सांगितलं, त्यांच्यासमोर."

दहा वाजता वंदना झाली. त्रिशरण, पंचशील झालं. मग माणसं एकेक करून आदरांजलीला उठू लागली. डेपोतले एक जण म्हणाले, वहिनींनी लेकीला नोकरी टिकवायला दिलेली साथ समाजापुढं आदर्श आहे. समोर बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. बाबा खाली बघत बसले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी तिचं नाव घेतलं तेव्हा ती उठली. हातात कागद नव्हता. माईक उंच होता. तिनं तो खाली केला नाही, त्यामुळं पहिलं वाक्य मागच्यांना ऐकूच गेलं नाही आणि तिला ते परत म्हणावं लागलं.

"माझं प्रशिक्षण नसायचं. मी मायशी खोटं बोलत होते. मला गोष्टी लिहायला वेळ पाहिजे होता म्हणून मी तिला बोलवायची. त्या दिवशी पोरांनी सात वेळा फोन केला, मी घेतला नाही. पोरांनी काही केलेलं नाही. सुगतनं त्याला जमलं तेवढं सगळं केलं. त्यानं तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही विसरून जा."

अजून काहीतरी बोलायला हवं होतं. मायबद्दल एक वाक्य. तिच्या डोक्यात एक तयारही झालं होतं, चांगलं होतं, ऐकून लोक रडले असते. ती ते बोलली नाही आणि खाली बसली.

मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. गुरुजींनी घसा साफ करून पुढचं नाव घेतलं, पण त्या माणसानं हात जोडून नको म्हटलं, आणि मग सगळे उठून दोन मिनिटं शांत उभे राहिले. जेवणाच्या पंगतीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. कुणी मुद्दाम केलं असं नाही. ज्याला त्याला दुसरीकडं कुणीतरी ओळखीचं भेटलं. डेपोतले ते गृहस्थ निघताना बाबांना भेटले, नागसेनला भेटले, तिला पाहून चपला शोधू लागले. तिला ते रास्त वाटलं. बारा दिवस लोक तिच्या पाठीवरून हात फिरवत होते तेव्हा ते जेवढं सोसवत नव्हतं, त्या मानानं हे सोपं होतं. पण हलकं काही वाटलं नाही. सांगितलं म्हणून सात फोनांचा एकही कमी झाला नव्हता.

दुपारी भेटायला उशिरा पोचलेल्या एका म्हातारीनं ओसरीत सुगतला विचारलं, "कसं झालं रे आजीचं?" बुद्धप्रिया आत उभी होती. सुगत लगेच बोलला नाही.

"हार्ट अटॅक," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "मी फोन केला होता."

सोमवारी सकाळच्या गाडीनं ते लातूरला निघाले. बाबा स्टँडवर आले होते. त्यांनी खिडकीतून पोरांना केळी दिली, नागसेनला मायच्या मृत्युप्रमाणपत्राबद्दल दोन सूचना दिल्या. तिला म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." ते सगळ्यांनाच म्हणायचे.

अहमदपूर गेल्यावर सम्यक नागसेनच्या मांडीवर झोपला. सुगत तिच्या शेजारी खिडकीपाशी बसला होता. बाहेर सोयाबीन पिवळं पडत आलं होतं.

"मम्मी," तो म्हणाला, "तू तिथं कशाची गोष्ट लिहीत होतीस?"

"एका माणसाची."

"तो काय करतो?"

"त्याची म्हैस हरवते. तो तिला शोधायला निघतो."

"सापडती का?"

"नाही. आठ दिवस गावोगाव हिंडतो. मग एका गावात त्याला दुसऱ्याच कुणाची तरी म्हैस दिसते, तिला कुणी शोधत आलेलं नसतं. तो तीच घेऊन घरी येतो आणि बायकोला सांगतो, सापडली."

"बायकोला कळत नाही?"

"म्हशीला कळतं. ती त्याच्या बायकोला दूध काढू देत नाही."

सुगत हसला. चांगला खळखळून हसला, आणि हसू आलं हे लक्षात येताच त्यानं दचकून तिच्याकडं पाहिलं, यावर हसायचं होतं की नाही ते कळेना झाल्यासारखं. मग बराच वेळ तो खिडकीच्या गजावर बोट घासत बसला.

"चांगली झाली का ती?" त्यानं विचारलं.

बुद्धप्रियाला कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम वाटलं. 'काही खास नाही' एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं, आणि त्यालाही ते ऐकायला बरं वाटलं असतं. तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

"हो," ती म्हणाली. "चांगली झाली."